आजचा टप्पा तेवढा आपला: आळंदी ते पंढरपूर पायी

आळंदी, प्रस्थान

ज्येष्ठ वद्य अष्टमीला दुपारनंतर माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं. मंदिरात प्रवेश फक्त मानाच्या ४७ दिंड्यांना असतो, रथापुढच्या २७ आणि रथामागच्या २०. बाकीचे इंद्रायणीच्या घाटावर, पुलावर, गल्लीबोळांत उभे असतात आणि त्यांना पालखी दिसतही नाही. आत टाळांचा गजर चढला की बाहेर कळतं, एवढंच. पहिल्यांदा आलेल्याला याची रुखरुख लागते. ती लावून घेऊ नये. त्या रात्री पालखी गावातच, आजोळघरी, मुक्कामाला असते आणि चाल सुरू होते दुसऱ्या दिवशी.

या दिवसाचं काम सामानाचं आहे. दिंडीत नाव नोंदवून भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, भरलेली असली की मोठं सामान दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या तळावर जातं. वळकटी, दोन जोड कपडे, ताट-तांब्या ट्रकमध्ये टाकावं. रोजची औषधं मात्र किमान तीन दिवसांची अंगावर हवीत. शिवाय प्लास्टिकचा कागद किंवा रेनकोट, एक लीटरची पाण्याची बाटली, कोरड्या मोज्यांचा एक जोड, मूठभर सुका खाऊ. खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी हवी. तिच्यावर नाव, गाव, घरचा आणि दिंडीप्रमुखांचा फोन, दिंडीचा क्रमांक, आणि ती दिंडी रथापुढची की रथामागची हेही लिहावं. एकच क्रमांक पुढेही असतो आणि मागेही, त्यामुळे नुसत्या आकड्यावर शोधणारा माणूस संध्याकाळभर भलत्याच राहुट्यांत फिरतो. रक्तदाबाच्या गोळ्या ट्रकमध्ये आणि ट्रक वाहतुकीत अडकलेला, हेही दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं. पाठीवरचं वजन तीन किलोंच्या वर जाऊ देऊ नये.

मनावरच्या वजनाचीही वाटणी इथेच करून घ्यावी. वारीत कर्जात असलेली माणसं असतात, घरी आजारी माणूस ठेवून आलेली असतात, वर्षाच्या आत घरातलं कुणी गेलेलं असतं. त्यांना "देवावर सोडा" एवढंच सांगितलं तर ते मान डोलावतात आणि ओझं होतं तिथेच राहतं. सोडायचं कसं, ते सांगायला हवं. जिथे माणसाचा हात चालतो ती कामं निघण्याआधी माणसाच्या नावावर करावीत. दवाखान्याची तारीख कोण पाळणार, बँकेचा हप्ता कोण भरणार, रानात रोज कोण चक्कर मारणार, हे नाव घेऊन ठरलेलं असावं. एवढं करूनही काही उरतंच, जिथे कुणाचाच हात पोचत नाही. ते समाधीच्या दिशेला तोंड करून देवाला नावानिशी सांगावं. "सगळ्यांचं भलं कर" असं मोघम नको. जे छळतंय तेच, आहे त्या शब्दांत. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की बिघडतं. हप्ता देवावर सोडला जातो आणि दुखणं मात्र रात्रभर उशाशी राहतं.

आळंदीत हे सांगायला जागा योग्य आहे. इथल्या चार भावंडांच्या आईवडिलांनी देहांत प्रायश्चित्त घेतलं, पोरं उघडी पडली, गावानं वाळीत टाकलं, शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणला जावं लागलं. ज्ञानदेवांनी १२९६ साली समाधी घेतली ती ऐन तारुण्यात. दिवस बरे आले म्हणून त्यांनी देवावर विश्वास ठेवला, असा क्रम त्यांच्या आयुष्यात कुठेच नाही.

आळंदी ते पुणे

पंचवीसेक किलोमीटर, बहुतेक सगळं डांबर आणि शहर. पहिल्या दिवशी अंगात जोर असतो आणि तोच घात करतो. रथाच्या पुढे धावणारे नवखे विश्रांतवाडीच्या आधीच पाय सोलून बसतात. ठरलेली रीत अशी आहे की आपल्या दिंडीच्या विणेकऱ्याच्या चालीनं चालायचं. पुढे पताकाधारी, मग टाळकरी, मध्ये मृदंगी, त्यांच्यामागे विणेकरी, नंतर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. विणेकरी थांबले की थांबायचं, निघाले की निघायचं. वाट त्यांना ठाऊक असते आणि आपण ती शोधायची नसते. आयुष्यभर स्वतःच निर्णय घ्यायची सवय झालेल्या माणसाला हे पहिले दोन दिवस फार जड जातं.

मुक्काम भवानी पेठेत, पालखी विठोबाच्या मंदिरात. तुकोबांची पालखी आदल्या दिवशी देहूहून निघालेली असते आणि तीही याच संध्याकाळी नाना पेठेत पोचते.

पुणे, मुक्काम

दुसरा दिवस पायांसाठी ठेवावा. फोड येतो तो ओल, उष्णता आणि घासणं या तिन्हींच्या संगतीनं. यातली एक गोष्ट काढली तरी तो पुष्कळ टळतो. म्हणून बूट जुने, वापरलेले आणि नेहमीपेक्षा अर्ध्या मापानं मोठे हवेत, कारण चालून पाय सुजतात. वारीसाठी म्हणून घेतलेले कोरे बूट हमखास फोड देतात. पहाटे टाचांना आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन चोळावं. प्रत्येक विसाव्याला मोजे काढून पाय उघडे ठेवावेत आणि ओले मोजे बदलावेत. कातडी लाल होऊन चुरचुरायला लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावावी. तळावर पोचल्यावर बघू म्हणणाऱ्याचा तळावर फोडच होतो.

छोटा फोड तसाच सोडावा. मोठा, ताणलेला आणि चालू न देणारा असेल तर स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं कडेला भोक पाडून पाणी काढावं, वरची कातडी ओढू नये, जंतुनाशक मलम लावून पट्टी बांधावी. मधुमेह असलेल्यानं हे स्वतः करायचं नाही, वैद्यकीय पथकाच्या तंबूत जायचं. अनवाणी चालण्याचा नवस त्यानं मुळीच करू नये. पायांना बधिरता असेल तर काच घुसली तरी कळत नाही. रोज रात्री तळवे आरशात बघावेत किंवा शेजाऱ्याला दाखवावेत. "माउली, जरा पाय बघता का?" असं विचारायला इथे कुणाला संकोच वाटत नाही, कारण सगळे एकमेकांना माउलीच म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात.

श्रद्धा असली की औषध लागत नाही, असं म्हणणारा एखादा भेटतो. त्याचं ऐकू नये. दर तळावर डॉक्टर, परिचारिका आणि गावातली पोरं तेलाच्या बाटल्या घेऊन बसलेली असतात. देवानं काळजी घ्यायची ती याच हातांनी, असं वारकरी मानतात, आणि तो हात झिडकारून वर देवाकडे बघत बसणं त्यांना पटत नाही.

पुणे ते सासवड, दिवेघाट

सगळ्या वाटेतला हा सर्वांत लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि तो बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीला येतो. म्हणजे उपास, लांब चाल आणि घाट, तिन्ही एका दिवसात.

पहाटे कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याला उठून आवरायचं, दुसऱ्याला सामान ट्रकमध्ये, तिसऱ्याला पालखी हलते. अंघोळ आणि शौच पहिल्या कर्ण्याच्या आधी उरकलेलं बरं, नंतर रांगा लागतात. हडपसरला विसावा, दुपारी वडकीला विसावा, मग घाट. उपासाला साबुदाण्याची तेलकट खिचडी पोटभर खाऊन चढणाऱ्याला मळमळतं. राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे, खजूर, केळं असं थोडं थोडं दर दीड तासानं खावं. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही, पायांत गोळे येतात, डोकं हलकं होतं. एक लीटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असावं. मीठ जास्त पडलं तर उलटी होते, साखर जास्त पडली तर जुलाब वाढतो. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यानं या दिवसाचा डोस आधीच डॉक्टरांना विचारून ठरवावा. उपासात साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळू शकतो. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला की उपास सोडून साखर तोंडात टाकायची. एकादशी पुढच्या पंधरवड्यात परत येते.

वडकीहून मस्तानी तलाव डावी-उजवीकडे शोधत माणसं घाटाला लागतात. चढण चारेक किलोमीटरची आहे. माउलींच्या रथाला इथे बैलांच्या जादा जोड्या लावतात. दोन बैलांनी सपाटीवर ओढलेला रथ घाटात त्याच दोघांनी ओढावा, अशी अपेक्षा कुणी करत नाही. माणसांनीही स्वतःकडून ती करू नये. म्हाताऱ्या बायांचा हात धरून चढवणारी अनोळखी पोरं इथे दर वळणावर दिसतात आणि हात पुढे आला की तो धरावा. एकट्यानंच पार करीन या हट्टापायी बाजूला बसून रडणारी माणसंही घाटात दिसतात. संसारातल्या कठीण काळातही पुष्कळांचं असंच होतं. ते देवाकडे बळ मागत राहतात आणि जादा बैलजोडी दाराशी येऊन उभी राहिली तर तिला लाजून परत पाठवतात.

चढताना वरच्या टोकाकडे बघू नये. पावलं लहान, श्वास नाकानं, दर वळणाला मिनिटभर उभं राहणं, पण बसायचं नाही. बसलं की पोटऱ्या आखडतात. या दिवशी गर्दी फार असते, कारण पुण्याहून घाटापुरते आलेलेही बरोबर चालतात. लहान मूल असेल तर त्याच्या दंडावर पेनानं फोन नंबर लिहून टाकावा.

सासवड

दोन रात्रींचा मुक्काम. सोपानदेवांची समाधी इथे आहे. त्यांची पालखी इथून वेगळ्या वाटेनं पंढरीला निघते. कपडे धुणं, नखं कापणं, हिशेब आणि झोप. लांब टप्प्यानंतरचा दिवस असाच जायला हवा. देवावर भरवसा असणाऱ्याला झोप लागली पाहिजे, असा सासवडच्या रात्रीचा नियमच म्हणा. ज्याला लागत नाही त्यानं कीर्तनाला जाऊन बसावं. पडून कूस बदलण्यापेक्षा ते बरं.

सासवड ते जेजुरी, जेजुरी ते वाल्हे

पहिला टप्पा सतरा किलोमीटरचा, दुसरा बाराचा. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात, सगळं पिवळं होतं. चष्मा असेल तर लावावा, नाहीतर डोळे मिटून घ्यावेत. हळद चुरचुरते आणि चोळली की जास्त. वाल्ह्याच्या वाटेवर दौंडजची खिंड आहे, तिथे सकाळची न्याहारी.

वाल्ह्याचा मुक्काम समाज आरती नीट बघायला चांगला, कारण टप्पा छोटा म्हणून अंगात त्राण असतं. पालखी तळावर आली की दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंग टिपेला पोचलेले असतात. चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारे मानकरी, हातातला चांदीचा चोप (दंड) उंच करतात आणि लाखांचा समुदाय एकदम गप्प होतो. मग दिवसभरात सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. कुणाचं पाकीट, कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा. ज्या दिंडीला तक्रार असेल ती गप्प बसत नाही, टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, आणि मगच आरती.

हा क्रम मोलाचा आहे. तक्रार आरतीच्या आधी. देवाशी भांडण असेल तर ते दाबून वर "तुझी इच्छा" असं म्हणण्याची घाई नको. टाळ वाजत राहू द्यावा. ज्यांनी घरचं माणूस गमावलंय त्यांना बरोबरची मंडळी फार लवकर गप्प करतात. "देवाच्या मनात होतं" हे वाक्य चुकीच्या वेळी आलं की जखमेवर बसतं. अशा माणसाला शब्दांपेक्षा काम द्यावं. पताका द्यावी, हंडा द्यावा, पंगतीत वाढायला उभं करावं. वीणा मात्र घाईनं देऊ नये. ती गळ्यात घेतली की जमिनीवर ठेवता येत नाही. पुढचा माणूस येऊन आपल्या गळ्यात घेईपर्यंत उभंच राहावं लागतं, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात.

वाल्हे ते लोणंद

वीस किलोमीटर. वाटेत नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. पुलापाशी दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. आपलं स्नान त्या गर्दीत करायची घाई करू नये. नदीला पाणी असेल तर काठ निसरडा असतो आणि मागून येणारा लोंढा थांबत नाही. अंग ओलं करून मोज्यांत ओले पाय घालणाऱ्यांचे फोड लोणंदला दिसतात.

लोणंद ते तरडगाव

आठ किलोमीटरचा छोटा टप्पा, पण चांदोबाचा लिंब इथे आहे आणि पहिलं उभं रिंगण. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या राहतात, मधल्या वाटेनं दोन घोडे धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी. त्या घोड्यावर माउली बसलेले असतात अशी श्रद्धा आहे. अंकलीचे शितोळे सरकार या अश्वांचे मानकरी. आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासून ही शिस्त चालत आली आहे.

घोडा गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. दुसरा घोडा जाईपर्यंत कुणीही वाकायचं नाही. चोपदारांनी हात खाली करेपर्यंत जागा सोडायची नाही. इथे होणारे अपघात बहुतेक त्याच दहा सेकंदांतले.

तरडगाव ते फलटण, बरड, नातेपुते

हे तीन दिवस सगळ्यांत कसोटीचे, आणि त्यांच्याविषयी कमी बोललं जातं, कारण बघण्यासारखं काही घडत नाही. एकवीस, अठरा, एकवीस किलोमीटर. फलटणचा तळ विमानतळाच्या मोकळ्या मैदानावर. पाऊस आला तर चिखल, नाही आला तर धूळ. उत्साह सरलेला असतो, पंढरपूर अजून लांब असतं. ताप, खोकला, जुलाब याच टप्प्यात पसरतात. पाणी टँकरमधलं किंवा उकळलेलंच प्यावं, उघड्यावर कापलेली फळं घेऊ नयेत. जुलाब दिवसात सहा वेळांपेक्षा जास्त झाले, लघवी कमी झाली किंवा ताप उतरला नाही तर चालणं थांबवून डॉक्टरांकडे जावं. एक-दोन टप्पे गाडीतून गेल्यानं वारी मोडत नाही.

याच दिवसांत घरून फोन येतात. मृगाच्या आसपास पेरून निघालेला शेतकरी बरडला पोचतो तोवर पावसानं ओढ दिलेली असते. उगवण करपायला लागली, दुबार पेरणी करावी लागेल, बियाण्याला पैसे नाहीत. अशा फोननंतर माणूस रात्रीत परत फिरतो किंवा पुढे चालतो, पण पाय ओढत. दोन्हीपेक्षा बरी वाट अशी. निघण्याआधी ज्याच्या नावावर ते काम केलं होतं त्या माणसाला फोन करावा आणि आज काय करता येईल तेवढंच विचारावं. करता येण्याजोगं असेल ते त्याच्याकडून करून घ्यावं. घरी खरोखर आपलीच गरज असेल, कुणी दवाखान्यात असेल, तर नातेपुत्याहून एसटी मिळते, तिनं जावं. दिंडी त्याला नावं ठेवत नाही. ठेवली तर ती दिंडी चुकली. आणि करण्यासारखं काही नसेल तर फोन बंद करून ठेवावा, दिवसातून एकदा, संध्याकाळच्या आरतीनंतर उघडावा. ढग बघत चालल्यानं पाऊस येत नाही आणि ठेच मात्र लागते.

सौद्याच्या भावनेनं निघालेले लोकही इथेच खचतात. मी चाललो म्हणजे मुलाला नोकरी लागेल, गाठ साधी निघेल. मागणं चूक नाही, वारकरी देवाकडे मागतात आणि हक्कानं मागतात. पण चालणं ही किंमत आणि मागणं हा माल, असा व्यवहार मांडला की माल न मिळाल्यावर माणूस दोनपैकी एक करतो. देवाला खोटं ठरवतो, नाहीतर स्वतःला. "माझीच भक्ती कमी पडली" हा दुसरा निष्कर्ष जास्त घातक, कारण तो नम्र दिसतो आणि आतून माणसाला पोखरतो. म्हणून रोज सकाळी निघताना मनाशी एवढंच म्हणावं की आज बरड. उद्या नातेपुते आहे ते उद्या. नातेपुत्याच्या अलीकडे धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो.

नातेपुते ते माळशिरस ते वेळापूर

पुरंदवड्याला आणि खुडूसला गोल रिंगण होतं. मैदानात बसायला सांगतील तिथे बसावं, पुढच्या रांगेत लहान मुलं घेऊन बसू नये. रिंगणानंतर टाळकऱ्यांच्या उड्या चालतात. गुडघे दुखत असतील तर कडेनं टाळी वाजवावी.

वेळापूरच्या अलीकडच्या टेकडीवरून उतारानं धावा असतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला. अशी माणसं इथे धावली, हे उतारावर लक्षात ठेवावं. गुडघ्याची वाटी दुखत असेल तर मात्र धावू नये. उतारावर गुडघ्यावर येणारा भार सपाटीपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि एवढ्या दिवसांच्या चालीनंतर स्नायू आधार देत नाहीत. कडेनं, काठी टेकत, तिरकं उतरावं.

वेळापूर ते भंडीशेगाव, वाखरी

एकवीस आणि मग जेमतेम दहा किलोमीटर. ठाकुरबुवांच्या समाधीपाशी रिंगण, मग तोंडले-बोंडल्याला नंदाचा ओढा, पुढे सोपानदेवांच्या पालखीशी बंधुभेट. वाखरीच्या आधी बाजीरावच्या विहिरीजवळ उभं आणि गोल, दोन्ही रिंगणं. वाखरीत सगळ्या पालख्या एकत्र येतात. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, मुक्ताईनगरहून मुक्ताई, पैठणहून एकनाथ, देहूहून तुकोबा. हरवण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त. मोबाईल चालेल या भरवशावर राहू नये, नेटवर्क कोलमडतं. दिंडीच्या राहुटीजवळचं खांबासारखं एखादं ठळक ठिकाण ठरवून ठेवावं. हरवलेल्यानं फिरत राहू नये, आहे तिथेच थांबावं आणि पताकावाल्या कुठल्याही दिंडीला सांगावं. जेवण आणि जागा मिळतेच. एकटा वारकरी उपाशी झोपला असं वाखरीला सहसा होत नाही.

पंढरपूर, दशमी आणि एकादशी

दशमीला सहा किलोमीटर चालून, इसबावीवरून, गावात. एकादशीला चंद्रभागेचं स्नान आणि नगरप्रदक्षिणा. नदीच्या पात्रात वाळूउपशानं झालेले खोल खड्डे असतात. पोहता येत असलं तरी गुडघाभर पाण्यापुढे जाऊ नये, म्हाताऱ्यांना दोघांनी धरावं.

आणि दर्शन. पदस्पर्शाची रांग वीस-वीस तास चालते, कधी त्याहूनही जास्त. मुखदर्शनाची रांग त्या मानानं लवकर सरकते. अडीचशे किलोमीटर चालून आलेले कितीतरी वारकरी दोन्हींपैकी कशातच उभे राहत नाहीत. ते चंद्रभागेच्या वाळवंटातून किंवा महाद्वारातून कळसाला हात जोडतात आणि फिरतात. त्यांना रुखरुख नसते. या दिवसांत देवाचा पलंग काढून ठेवलेला असतो, देव रात्रंदिवस उभा असतो, पाठीशी लोड देतात. आपण पोचलो नाही तरी तो जागा आहे, एवढं त्यांना पुरतं. मधुमेही, गरोदर बाई, लहान मूल घेतलेली आई, ताप अंगात असलेला माणूस, या सगळ्यांनी कळसदर्शनच घ्यावं असा आमचा आग्रह असतो.

महाद्वारापाशी नामदेवांची पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी. चोखोबांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथे समाधी बांधली. देवळाचं दार सर्वांना उघडायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. देवावर भार टाकणाऱ्यावर भिंत कोसळत नाही, असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला या समाधीपाशी आणून उभं करावं. चोखोबांच्या भक्तीत काही कमी होतं असं गेल्या सातशे वर्षांत एकाही वारकऱ्यानं म्हटलेलं नाही. भिंत पडली ती पडली. त्यांच्या अस्थी शोधायला नामदेव मंगळवेढ्याला गेले, हेही तितकंच घडलं. या दोन्ही गोष्टी एकत्र धरून बोलायची सवय वारकऱ्यांना आहे, आणि संकटात सापडलेल्या माणसाला तेच ऐकवावं.

द्वादशी ते पौर्णिमा

द्वादशीला पारणं. उपासानंतर एकदम पुरणपोळी नको, आधी मऊ भात आणि ताक. बहुतेक लोक त्याच दिवशी एसटीनं परततात. स्थानकावर गर्दी उतरायला संध्याकाळ होते, म्हणून दुपारी घाई करण्यात अर्थ नाही. घरी गेल्यावर आठवडाभर रोज पाय तपासावेत. ताप आला आणि चिखलात, साचलेल्या पाण्यात चालणं झालं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं, लेप्टोस्पायरोसिस त्यातून ओळखता येतो.

पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि पालख्या परतीला लागतात. परतीचे टप्पे मोठे, मुक्काम एकेका रात्रीचे. रस्त्याला मांडव नसतात, स्वागताच्या कमानी उतरलेल्या असतात, बरोबर मोजकी माणसं. ज्यांना पुढच्या वर्षी वीणा घ्यायची असते त्यांनी एकदा तरी परतवारी करावी, असं जुने विणेकरी सांगतात. तेव्हा ट्रक लहान असतो, म्हणून वळकटी स्वतःच्या खांद्यावर घ्यायची तयारी ठेवावी आणि पावसाचा कागद एक ऐवजी दोन घ्यावेत.